वाडा बघायला जाताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दुरुस्त करून लोकांसाठी खुली केलेली एकोणिसाव्या शतकातली घरं कशी बघावीत, याबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रं पुण्यातल्या वाड्यांबद्दल आहेत. एक रत्नागिरीचं आणि एक गोव्याचं आहे.

प्रश्न: विश्रामबाग वाडा, फुले वाडा आणि भिडे वाडा एका दिवसात बघायचे आहेत. सोबत दहा आणि तेरा वर्षांची मुलं आहेत. कसं जमवावं? (वाचक, कोल्हापूर)

भिडे वाडा यादीतून काढा. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा जिथे सुरू केली ती ही इमारत. स्मारक बांधायचं म्हणून डिसेंबर 2023 मध्ये ती पाडण्यात आली. दगडूशेठ गणपतीसमोरची जागा मुलांना जाता जाता दाखवा, पण वाडा बघायला मिळेल असं त्यांना सांगून ठेवू नका.

उरलेल्या दोन वाड्यांत दीड-दोन किलोमीटरचं अंतर आहे. विश्रामबाग बाजीराव रस्त्यावर, फुले वाडा गंज पेठेत. गाडी नेऊ नका. लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेच्या गर्दीत पार्किंग शोधण्यातच अर्धा तास जाईल. मेट्रोने मंडईला उतरा, दोन्हीकडे चालत जाता येतं. आधी विश्रामबाग करा. अकरानंतर समोरचा रस्ता इतका वाहतो की थांबून दर्शनी भाग न्याहाळता येत नाही, आणि त्या वाड्याचं निम्मं वैभव दर्शनी भागातच आहे. तिथे तासभर आणि फुले वाड्यात पाऊण तास पुरतो.

फुले वाडा आटोपशीर आहे. लोक आत शिरतात, भिंतीवरची चित्रं बघतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. मुलांना आधी पाण्यापाशी न्या. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचं पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुलं केलं, ते याच आवारात. ते कळल्यावर बाकीची चित्रं मुलांना आपोआप लागतात. त्यानंतर तुळशी वृंदावन, मग खोल्या. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले तेही याच घरात.

निघण्याआधी दोन्हीकडे फोन करून कोणता भाग उघडा आहे ते नक्की विचारा. लाकडी वाड्यांची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने चालते आणि वरचा मजला महिनोन्महिने बंद राहू शकतो.

प्रश्न: वाड्यात गेलो, पण रिकाम्या खोल्या आणि चार फलक, एवढंच दिसलं. गाइड नव्हता. नेमकं बघायचं काय असतं? (वाचक, नांदेड)

फर्निचर शोधायला गेलात तर निराशा ठरलेली. वाड्यात मांडणी बैठकीची होती. लोड, तक्के, जाजम, समया सगळं उचलून ठेवण्यासारखं, म्हणून ते उरलेलं नाही. बघायचं ते घरच, आणि तेही खालून वर.

पहिल्यांदा खांबाच्या पायाशी बसा. लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो तळखड्यावर उभा असतो. तळखडा म्हणजे घडीव दगडाची बैठक. खांबाच्या तळाला ठेवलेलं कुसू, म्हणजे पुढे काढलेलं निमुळतं टोक, तिच्या खोबणीत बसतं. लाकूड आडवं जितकं पाणी शोषतं त्याच्या कित्येक पटींनी कापलेल्या टोकातून शोषतं, म्हणून खांबाचं टोक जमिनीपासून वर ठेवायचं, एवढंच तळखड्याचं काम. आता बिघाड कसा होतो ते बघा. पुढच्या पिढीत कुणी शहाबादी फरशी घालतं, मग तिच्यावर मोझेक, मग टाइल्स. दर वेळी जमीन दोन-तीन इंच वर येते आणि एक दिवस तळखडा फरशीखाली जातो. फरशी धुतलेलं पाणी खांबाच्या बुंध्याशी साचतं, बुंधा कुजतो, मागोमाग वाळवी. वरून खांब धडधाकट दिसतो. तळखडा दिसत नसेल अशा खांबाजवळ थोडं थांबा आणि बुंध्याशी लाकडाचा रंग बदललाय का ते बघा.

तिथून वर नजर न्या. खांबाच्या माथ्यावर दोन बाजूंना पसरलेले हस्त, म्हणजे लाकडी आधार, त्यांवर तुळई, तुळईवर फूट-दीड फुटाच्या अंतराने कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. याला कडीपाट म्हणतात. दिवाणखान्यासारख्या मानाच्या जागी कड्या झाकायला खालून तख्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, मारतात. म्हणजे कड्या कुठे उघड्या आहेत आणि कुठे झाकल्या आहेत, यावरून पाहुण्यांची जागा कोणती आणि घरच्यांची कोणती ते फलक न वाचता कळतं.

दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. साधारण पाच-सहा फूट, घरागणिक थोडं कमीजास्त. घराचं माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत: पाच खणी सोपा, तीन खणी माजघर. मुलांना खण मोजायला लावा, वाडा त्यांच्या डोक्यात बसतो.

मग भिंती. कोनाड्याच्या वरच्या कडेला काजळी असेल तर तिथे दिवा ठेवत. खुंट्या कोणत्या उंचीवर आहेत ते बघा. जाड भिंतीत तोंड लहान आणि पोट मोठं अशी पोकळी दिसली तर ते धान्याचं बळद. मुख्य दरवाजामागे दोन्ही बाजूंच्या भिंतीत चौकोनी भोकं असतात. एक खोल, दुसरं उथळ. खोल भोकात अख्खा अडसर सरकवून ठेवत आणि रात्री ओढून त्याचं टोक समोरच्या भोकात बसवत. मोठा दरवाजा रोज उघडत नसत. त्यातलं छोटं दार, म्हणजे दिंडी, उघडत, आणि तिच्यातून आत येणाऱ्याला वाकावंच लागे.

विश्रामबागेत याखेरीज सुरूच्या आकाराचे खांब आणि कमानींच्या कोपऱ्यांतून खाली लोंबणारी केळफुलं बघा. केळफूल वेगळं कोरून खोबणीत बसवलेलं असतं. निखळून पडतं ते तेच, आणि नव्याने बसवलेलं ओळखू येतं तेही तेच. पाकळ्यांच्या कडा धारदार असतील तर ते अलीकडचं. जुन्यावर रंगाचे थर बसून कडा बोथट होतात.

प्रश्न: दुरुस्तीनंतर सगळं नवंकोरं दिसतं. मग त्यात मूळचं काय उरलं? ही फसवणूक नाही का? (वाचक, ठाणे)

फसवणूक कधी कधी होते, नेहमी नाही. आधी ‘मूळ’ कशाला म्हणायचं ते ठरवू. विश्रामबाग दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये बांधला. 1818 मध्ये पेशवाई गेली. 1821 मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. मे 1879 मध्ये वाड्याला आग लागून मोठा भाग जळाला आणि तो पुन्हा उभारला. पुढे महापालिकेची कचेरी आली. यांतला कोणता वाडा मूळ? चांगली दुरुस्ती एका सालाला चिकटून बाकीचं पुसत नाही. जळालं, बदललं, भर पडली, हे वाचता येईल असं ठेवते.

प्रत्यक्षात तपासायला काही खुणा सांगतो. हाताने तासलेल्या तुळईवर वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराचे, उथळ, अनियमित खळगे असतात. बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड पाडला की दिसतात. यंत्राच्या करवतीचे वळ समांतर असतात. घडीव खिळ्याचं डोकं वेडंवाकडं आणि अंग चौकोनी, तर तारेचा गोल खिळा नंतरचा. कुजलेला खांब पूर्ण न बदलता, वरच्या तुळईला टेकू आणि जॅक देऊन खालचा फूट-दोन फूट भाग कापून नवं सागवान सांध्याने जोडतात. असा सांधा दिसला तर नाक मुरडू नका. वरचा सात-आठ फूट जुना खांब वाचला, याची ती खूण आहे. नवा तुकडा रंगाने किंचित वेगळा ठेवला असेल तर ते काम प्रामाणिक. सगळ्यावर एकसारखं गडद चकचकीत पॉलिश मारलं असेल तर शंका घ्या.

सिमेंटचंही तेच. पोरबंदरचा कारखाना 1914 मध्ये सुरू झाल्यानंतर देशात सिमेंट मोठ्या प्रमाणावर मिळू लागलं. एकोणिसाव्या शतकातल्या वाड्यात राखाडी, टणक, नखाने न खरवडणारा गिलावा दिसला, तर तो निदान दोन-तीन पिढ्या नंतरचा. त्याने वाड्याचं भलं झालेलं नसतं. ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: वाड्यात चुन्याचा गिलावा बघितला. आमच्या गावच्या जुन्या घराला दहा वर्षांपूर्वी सिमेंट केलं, तेव्हापासून भिंतीला लोणा लागून पोपडे निघतात. चुना करून घ्यायचा तर कसा? (वाचक, वाई)

आधी कारण. तुमच्या भिंतीत जोत्याखालून ओल चढते. पूर्वीही चढत होती. चुना ती बाहेर वाळू देई, म्हणून ती खालच्या दोन-तीन फुटांतच राही. सिमेंटने वाट अडवली. ओल वाट शोधत वर गेली आणि तिच्यातले क्षार सिमेंटच्या मागे साठून स्फटिक झाले. स्फटिक फुगतात, पोपडा सुटतो. पुन्हा सिमेंट लावलंत तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच, आणि या वेळी फूटभर वर. भिंतीत लाकडी चौकट किंवा तुळईचं टोक असेल तर ते आतल्या आत कुजतं.

काम दिवाळीनंतर काढा. ओलीची रेघ जिथे दिसते तिच्या वर फूटभर जाईपर्यंत सिमेंट छिन्नीने काढा. ब्रेकर लावू नका, हादऱ्याने जुन्या विटा सुटतात. विटांमधल्या दरजा अर्धा-पाऊण इंच खरवडा, लोणा, म्हणजे वर आलेले क्षार, कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात. भिंत निदान महिना-दोन महिने उघडी वाळू द्या. इथेच सगळ्यांची घाई होते आणि इथेच काम बिघडतं.

दरम्यान कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, विरवायला टाका. पाण्यात चुना टाकायचा, उलट नाही. उकळी फुटते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. डोळ्यात गेला तर सतत वाहत्या पाण्याने धूत तडक डॉक्टरकडे जा. विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळून वर पाणी ठेवून निदान तीन आठवडे मुरवा. जास्त मुरला तर उत्तमच. बाजारातल्या पिशवीतली पूड कालवून लगेच लावली की आतले न विरलेले खडे महिन्याभराने फुगतात आणि गिलाव्याला मोहरीएवढे खड्डे पडतात.

प्रमाण: एक भाग मुरलेला चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू. ओलीच्या पट्ट्यात एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. ती चुन्याला ओलीतही घट्ट व्हायला मदत करते. मिस्त्री हिरड्याचं पाणी आणि थोडा गूळ घालतील, घालू द्या, पण गूळ जास्त झाला की गिलावा घट्ट व्हायला उशीर लागतो. चुना मळायची घाणी आता सहसा मिळत नाही. मिक्सरमधून काढलंत तरी शेवटी फावड्याने कुटून मळून घ्या. फावड्याला चिकटून लोण्यासारखं राहायला हवं. वरून पाणी सुटत असेल तर ते पातळ झालंय.

भिंत ओली करून पहिला हात 10 ते 12 मिलिमीटरचा. जाड हात एकदम दिला की तडकतो. तो बोटाने दबेनासा झाला की दुसरा, आणि शेवटी निरूचा, म्हणजे बारीक गाळलेल्या चुन्याचा, 2-3 मिलिमीटरचा गुळगुळीत हात. बारीक जाळीसारख्या भेगा पडल्या तर चुना जास्त झाला किंवा उन्हाने भिंत लवकर वाळली. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो आणि त्याला दमटपणा लागतो. म्हणून दहा-बारा दिवस ओली गोणपाटं लटकवून ठेवा. एप्रिलच्या उन्हात आणि भर पावसात हे काम करूच नका. वरून चुन्याचेच दोन-तीन पातळ हात द्या. प्लास्टिक पेंट मारलात तर वरचं सगळं पाण्यात.

प्रश्न: शाळेच्या सहलीत 40 मुलं होती. वाड्याच्या वरच्या मजल्यावर रखवालदाराने पंधरा-पंधरा करून सोडली, त्यात वेळ गेला. एवढा भक्कम वाडा 40 मुलांना भितो का? (शिक्षिका, बारामती)

बाई, रखवालदाराचं बरोबर होतं. कडीपाटाच्या जमिनीवर 10 सेंटिमीटर माती असेल तर तिचंच वजन चौरस मीटरला 160 किलोच्या आसपास भरतं. आज राहत्या घराची जमीन बांधताना वरून येणारा भार चौरस मीटरला 200 किलो धरतात, लोक जमायच्या सभागृहाला 400 ते 500. वाडा राहण्यासाठी बांधला होता. तुमची 40 मुलं 15 चौरस मीटरच्या खोलीत पसरून उभी राहिली तर जेमतेम 90 किलो होतात, काहीच नाही. पण मुलं पसरून उभी राहत नाहीत. खाली रस्त्यावर बँड वाजला की 25 जण एकाच खिडकीशी, चार चौरस मीटरांत दाटतात. तिथेच 200 ओलांडले. त्यात उड्या. आणि खिडकीजवळचं तुळईचं टोक भिंतीत शिरलेलं असतं. ओल आधी तिथेच पोचते.

पुढच्या वेळी पंधरा मुलं वर पाठवा, बाकीची खाली चौकात खण, तळखडे आणि अडसराची भोकं मोजत ठेवा. वेळ वाया जात नाही. सज्जावर मात्र एका वेळी पाच-सहाच.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात. तिला नेऊ का? (वाचक, पुणे)

तळमजल्यापुरतं जरूर न्या. वाड्यांचे जिने अरुंद आणि उभे, पायरी उंच आणि पाऊल ठेवायला जागा कमी. चढणं एक वेळ जमतं, उतरताना गुडघे बोलतात. दिंडीचा उंबरा ओलांडतानाही हात द्या. बसायला ओसरी असते, पण तिथे बसू देतात का ते आधी विचारा.

प्रश्न: रत्नागिरीचं टिळकांचं जन्मस्थान पुण्याच्या वाड्यांपेक्षा इतकं वेगळं का? आणि कौलांवरून घराचं वय कळतं म्हणतात ते खरं का? (वाचक, चिपळूण)

वेगळं कारण पाऊस वेगळा. कोकणातलं घर उतरत्या छपराखाली लपतं. भिंत जांभ्याची, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, आणि छपराची वळचण भिंतीपासून चांगली पुढे. जांभा खाणीतून काढताना कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवेत ठेवला की कडक होतो. मात्र त्यावर सतत पागोळ्या पडल्या तर तो झिजतो, म्हणून वळचण महत्त्वाची. पुण्याच्या वाड्यात चौक मध्ये आणि घर त्याच्याभोवती. इथे अंगण बाहेर. ते घर बघायला पावसाळ्यात जा, छत्री घेऊन. पडवी कशासाठी असते ते तेव्हाच समजतं.

कौलांचं अर्धं खरं. सपाट, खाचेची मंगलोरी कौलं बाझेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या मंगळूरच्या कारखान्यात 1865 पासून बनू लागली. टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 चा. म्हणजे त्यांच्या जन्मवेळी कोकणातल्या कुठल्याच घरावर ती असणं शक्य नाही. असतील तर कुंभाराच्या चाकावरची अर्धगोल नळ्याची कौलं किंवा गवत. मंगलोरी कौलाच्या पोटाशी कारखान्याचं नाव आणि कधी कधी साल उमटवलेलं असतं, आतून वर बघितलं तर वाचता येतं. पण ते साल कौलाचं, घराचं नव्हे. छप्पर दर पंधरा-वीस वर्षांनी परततात आणि फुटकी कौलं बदलतात. एकाच छपरावर तीन कारखान्यांची कौलं सापडली तर नवल नाही.

प्रश्न: गोव्यात चांदोरच्या ब्रागांझा घरात गेलो तर तिकीट नव्हतं, देणगी मागितली. किती द्यायची? फोटो काढू दिले नाहीत. (वाचक, कणकवली)

ते संग्रहालय नाही, राहतं घर आहे. एकाच दर्शनी भागामागे दोन कुटुंबांचे दोन भाग आहेत, मेनेझिस ब्रागांझा आणि ब्रागांझा परेरा. दोन्ही बघायचे तर देणगीही दोनदा. शहरातल्या चांगल्या संग्रहालयाचं माणशी तिकीट जेवढं असतं तेवढं माणशी द्या. ते पैसे छपरात जातात. फोटो म्हणाल तर घर त्यांचं आहे, नाही म्हटलं की नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला आणि वामकुक्षीला जाऊ नका. आत शिंपल्याची तावदानं दिसली तर बोट लावू नका. काच महाग होती तेव्हा शिंपले चौकोनी कापून खिडकीत बसवत, ऊन गाळून येतं आणि पाऊस अडतो. फुटलेला शिंपला बदलून देणारे कारागीर आता शोधावे लागतात.